दोन्ही बाजूंनी चकचकीत

कागदाच्या अंगावरही काहीतरी घालावं लागतं, हे मला वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळलं. तोवर माझी समजूत अशी, की कागदावर छापलं की काम संपलं. ज्यांना अजून तसंच वाटतं त्यांचा मला हेवा वाटतो. त्यांनी पुढचं वाचू नये आणि सुखात राहावं.

मी किर्गिझस्तानातल्या काराकोल गावी मुलांच्या संगीतशाळेत अकॉर्डियन शिकवतो. शिकवतो म्हणजे मे महिन्यापर्यंत शिकवत होतो. सप्टेंबरात शिकवीन की नाही, हे सांस्कृतिक खात्याच्या एका पत्रावर लटकलं होतं. पत्र सरळ होतं. अकॉर्डियनच्या वर्गात चारच मुलं उरली आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत पंधरा नवे अर्ज आले नाहीत तर वर्ग बंद, आणि खोली इलेक्ट्रिक कीबोर्डवाल्यांना. चारचा आकडा खरा होता. त्या चारांतली एक मुलगीसुद्धा, आईचं दुकान शाळेसमोर आहे आणि तिथं फार माश्या आहेत, म्हणून येऊन बसायची.

शिक्षकांची बैठक भरली. सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते. मी एकटा बोललो. "पत्रकं छापू या," म्हणालो. बैठकीत बोलू नये, हे सव्वीस वर्षांच्या सरकारी नोकरीत मला कळायला हवं होतं. बोलेल त्याच्याच गळ्यात काम पडतं. पाच मिनिटांत मी 'पत्रक समिती' झालो. समितीत दुसरं कुणी नव्हतं.

पत्रक मात्र मी झकास तयार केलं. पुढच्या बाजूला अकॉर्डियन घेतलेला मी. (नुसत्या अकॉर्डियनचा फोटो आधी काढला होता, पण तो भिंतीवरच्या हीटरसारखा दिसतो असं तीन जणांनी सांगितलं.) मागच्या बाजूला प्रवेश-अर्ज. मुलाचं नाव, वय, पत्ता, पालकांची सही. पत्रक घ्या, उलटं करा, पेनानं भरा, आणून द्या. इतकी साधी सोय या गावात आजवर कुणाला सुचली नव्हती, असं मी घरी दोनदा सांगितलं.

"एकदा सांगितलंत तरी कळलं होतं," गुलसून म्हणाली. गुलसून म्हणजे माझी बायको.

छापखाना मेलिसचा. मेलिस हे नाव मार्क्स, एंगल्स, लेनिन आणि स्टालिन यांची आद्याक्षरं, मधल्या 'आणि'साठीच्या रशियन 'इ'सकट, जोडून केलेलं आहे. ज्याच्या बापाने मुलाच्या नावातसुद्धा अक्षरं जुळवली, तो मुलगा छापखाना काढणार नाही तर काय करील? मेलिसने माझा मजकूर बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "वर काय घालायचं?"

"कशाच्या वर?"

"कागदाच्या, अगाय." गुरुजींना आमच्याकडे अगाय म्हणतात.

"काही नको. नुसता छापा."

जानेवारीत टोपी न घालता आलेल्या म्हाताऱ्याकडे डॉक्टर ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने मेलिसने माझ्याकडे बघितलं. "नागडा?" तो हळूच म्हणाला.

मी शरमलो. मग त्याने खणातून नमुने काढले. हे पाण्याचं वॉर्निश, स्वस्त, हलकं. हे दिव्याखाली वाळवलेलं वॉर्निश, काचेसारखं. हे मॅट लॅमिनेशन, म्हणजे बिनचमकीचा प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. हे चकचकीत लॅमिनेशन. आणि हे मखमली. "बोट फिरवून बघा," तो म्हणाला. मी फिरवलं. वासराच्या कानामागे खाजवल्यासारखं वाटलं. मी आणखी दोनदा फिरवलं. तिसऱ्यांदा मेलिसने तो नमुना माझ्या हातातून काढून घेतला.

"कुठलं?"

इथं माझ्या नावाविषयी सांगणं भाग आहे. माझं नाव शायलोबेक. शायलो म्हणजे निवडणूक. मी मतदानाच्या दिवशी जन्मलो आणि वडील मत टाकून आले ते हे नाव घेऊनच. पण त्या काळी आमच्याकडे उमेदवार एकच असायचा, हे लक्षात घ्या. निवडीचं माझं सगळं शिक्षण त्या एका उमेदवारापर्यंतच झालेलं आहे. समोर एकच गोष्ट असली की मी ती क्षणात निवडतो, अजिबात कचरत नाही. मेलिसने पाच ठेवल्या.

"विचार करून सांगतो," मी म्हणालो, आणि नमुने घेऊन घरी आलो.

आमच्या इमारतीच्या आवारात एक बाक आहे. त्या बाकावरून न जाता कुणाला घरी जाता येत नाही. त्या दिवशी तिथं झेकशेनआके बसले होते. (वडीलधाऱ्याच्या नावाला आमच्याकडे आके जोडतात.) चाळीस वर्षं त्यांनी घाटातून ट्रक चालवला. आता निवृत्त झाल्यावर इमारत चालवतात. शेजारी अँतोनिना पावलोव्ना. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ. त्यांनीच मला अकॉर्डियन शिकवला, आणि हा वर्ग त्यांनीच पहिल्यांदा सुरू केला. वर्ग बंद होण्याविषयी त्या माझ्यापाशी एक अक्षर बोलल्या नव्हत्या. बोलल्या असत्या तर बरं, असं मला रोज वाटायचं.

"हातात काय आहे रे?" झेकशेनआके म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी पाचही नमुने बाकावर ओळीने मांडले, शेजारी एक साधा कागद ठेवला आणि विचारलं, "हे पत्रक जाणार कुठं कुठं?"

"बाजारात. बसथांब्यावर. दवाखान्यात. रविवारी गुरांच्या बाजारात."

"म्हणजे पाऊस, चहा, चरबी आणि शेण," त्यांनी बोटांवर मोजलं. "त्याप्रमाणे परीक्षा घेऊ."

शेणाला मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून विरोध केला. बाकीचं झालं. पावसाच्या जागी नळाचं पाणी, मग चहा, मग झेकशेनआक्यांच्या हातातल्या सामश्यातली, म्हणजे भट्टीत भाजलेल्या मांसाच्या समोशातली, मेंढीची चरबी. एवढ्यात तळमजल्यावरची झैनाप बाजारातून परतली. बाजारात तिची अश्लानफूची गाडी आहे. थंडगार शेवया, व्हिनेगर आणि वरून तिखटाचं लालभडक तेल. खाणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो.

"बाजूला व्हा," झैनाप म्हणाली. "माझ्या टेबलावर जे टिकतं ते जगात कुठंही टिकतं." आणि तिने डब्यातलं उरलेलं तिखट पाणी चमचा चमचा सगळ्यांवर ओतलं.

साधा कागद जागीच गेला. पाण्याच्या वॉर्निशने तीन मिनिटं झुंज दिली. दिव्याखालचं वॉर्निश टिकलं, पण झेकशेनआक्यांनी त्याची घडी घातली तशी एप्रिलमधल्या बर्फासारखी करकरून चीर गेली. मखमली आणि मॅट दोन्ही वाचले, पण तिखटाचं तेल त्यांच्यात कायमचं मुक्कामाला राहिलं, आणि झैनापच्या अंगठ्याचा ठसा पोलिसांनासुद्धा पुरला असता. चकचकीतावरून झेकशेनआक्यांनी बाही फिरवली. काही झालंच नव्हतं.

"चकचकीत कागद सॉसेजला गुंडाळतात," अँतोनिना पावलोव्ना म्हणाल्या. "अकॉर्डियनला मॅट. मान राहतो."

"मान पुसता येत नाही, अँतोनिना पावलोव्ना. हे पुसता येतं."

"अहो," वरच्या खिडकीतून गुलसून ओरडली, "काय ते ठरवा आणि वर या! चहा तिसऱ्यांदा गरम करतेय."

मतदान झालं. चकचकीताला तीन, मॅटला एक. मी कुणाच्या बाजूने मत दिलं ते मला नीट आठवत नाही, पण निकाल मान्य केला. मेलिसला मात्र एक गोष्ट बजावली. लॅमिनेशन फक्त पुढच्या बाजूला. मागे अर्ज आहे, तिथं पेन चाललं पाहिजे. या सगळ्या प्रकरणातला हा माझा शेवटचा शहाणपणा.

चार दिवस पाऊस पडला. पाचव्या दिवशी मी पत्रकं आणायला गेलो. मेलिसने पुडकं सोडलं. हजार पत्रकं होती आणि हजारच्या हजार गुंडाळी होऊन पडली होती. बासऱ्या. एक उचलून मी सरळ केली. सोडली तशी ती पुन्हा सुर्रकन मिटली. सव्वीस वर्षं लोकांसमोर वाजवतोय, पण श्रोत्यांऐवजी मी स्वतःच हजार ठिकाणी पाठ फिरवतोय, हे दृश्य नवीन होतं.

"पावसाने," मेलिस म्हणाला. "मागचा कागद हवेतलं पाणी प्यायला, फुगला. पुढचं प्लास्टिक काही फुगत नाही. मग वळतोच." त्याने डोकं खाजवलं. "चूक माझी, अगाय. मी कागद पातळ घेतला. दुसऱ्या बाजूलाही प्लास्टिक चढवतो, म्हणजे दोन्हीकडून सारखा ताण बसेल. जास्तीचं काही घेणार नाही."

'चूक माझी.' हे दोन शब्द मी सरकारी नोकरीत एकदाही ऐकले नव्हते. माझे डोळे भरून आले. मी त्याचा हात दोन्ही हातांत धरला, त्याच्या आईवडिलांना आशीर्वाद दिले, आणि त्या भरात मागच्या बाजूला काय छापलंय हे साफ विसरलो.

दोन दिवसांनी मिळाली ती पत्रकं नव्हतीच. ते पत्रे होते. वाकवलं तर टण्णकन सरळ व्हायचे. एकेकात मी खिडकीसकट दिसत होतो. ते घेऊन मी ऐटीत सांस्कृतिक खात्यात गेलो, कारण सरकारी शाळेच्या प्रत्येक पत्रकावर खात्याचा गोल शिक्का लागतो, आणि शिक्का बुरमा असानोव्नांच्या ताब्यात असतो.

बुरमा असानोव्नांनी शिक्का शाईत दाबला, त्यावर फुंकर घातली आणि पहिल्या पत्रकावर ठोकला. उचलून बघितलं. जांभळं वर्तुळ शांतपणे उतारावरून माझ्या फोटोतल्या हनुवटीकडे निघालं होतं.

"वाळेल," मी म्हणालो.

आम्ही वाट बघितली. त्यांनी एक कप चहा घेतला. वर्तुळाचा आता भोपळा झाला होता. त्यांनी बोट लावलं. शाई बोटावर आली. बोट रुमालाला पुसलं, रुमाल कपाळाला लागला. दुसऱ्या पत्रकाचं तेच, तिसऱ्याचं तेच. दुपारपर्यंत खात्याचा शिक्का त्यांच्या बाहीवर, टेबलावर, बशीवर आणि माझ्या शर्टवर नीट उमटला होता. फक्त पत्रकावर नव्हता.

"बावीस वर्षांत," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता, "माझा शिक्का एकाही कागदाने नाकारला नाही."

"कागदाने नाही हो नाकारला. वर प्लास्टिक आहे."

"म्हणजे प्लास्टिकला शासन मान्य नाही?"

मी शर्टवरचा शिक्का चोळत राहिलो. "शिक्क्याशिवाय एकही वाटायचं नाही, शायलोबेक," त्यांनी बजावलं, "नाहीतर शाळेवर कारवाई होईल." मी हजार पत्रे उचलून बाकाशी येऊन बसलो. खरं सांगायचं तर त्या वेळी मला रडू येत होतं, आणि अँतोनिना पावलोव्ना समोर असल्यामुळे रडताही येत नव्हतं.

झेकशेनआक्यांनी एक पत्रक उचललं, नखाने टोकरलं. "ट्रकला नवा रंग द्यायच्या आधी काय करतात?" त्यांनी विचारलं.

"काय करतात?"

"घासतात, अगाय. नाहीतर रंग धरत नाही." ते गॅरेजमध्ये गेले आणि पॉलिश पेपरचा गठ्ठा घेऊन आले.

त्यानंतरचे दोन दिवस मी विसरणार नाही. प्रत्येक पत्रकाचा खालचा एक कोपरा, शिक्का बसेल एवढाच, घासून खरखरीत करायचा होता. पहिल्या दिवशी आम्ही चौघे होतो. दुसऱ्या दिवशी अर्धी इमारत बाकाभोवती होती. कुणी स्टूल आणलं, कुणी उशी. तिसऱ्या मजल्यावरची, जिच्याशी गुलसून पाण्याच्या पाइपवरून दोन वर्षं बोलत नव्हती, ती नखं घासायची आपली जुनी कानस घेऊन आली आणि गुलसूनशेजारीच बसली. झैनाप गाडी लवकर आवरून आली. कुणाचं मूल अकॉर्डियनला जाणार नव्हतं. कुणाला अकॉर्डियन आवडतो असंही नव्हतं. झेकशेनआक्यांनी तर मागे एकदा माझ्या रियाजाविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पण सगळे मान खाली घालून खर्र खर्र घासत होते.

अँतोनिना पावलोव्ना सर्वांत चोख घासत होत्या. "बघ," त्या मला म्हणाल्या, "शेवटी मॅटच करावं लागलं."

मुदतीच्या आठवडाभर आधीच्या शुक्रवारी बुरमा असानोव्नांनी शिक्का उचलला. ठोकला. वर्तुळ जागेवर राहिलं. त्यांनी बोट फिरवलं. राहिलं. मी पत्रक सरकवायचं, त्यांनी ठोकायचं, मी उचलायचं. थोड्या वेळाने आपोआप ताल धरला गेला, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. चारशेच्या सुमाराला टेबलाखाली त्यांचा पाय हलायला लागला. मी बघितलं नाही असं दाखवलं. अधिकाऱ्याचाही मान असतो.

आता फक्त वाटायचं होतं. रविवारी पहाटेच मी गुरांच्या बाजारात जाऊन उभा राहिलो. काखेत गठ्ठा, अंगात लग्नातला कोट. सूर्य डोंगरावर आला. त्याचा पहिला किरण माझ्या गठ्ठ्यावर पडला आणि तिथून थेट समोरच्या मेंढ्याच्या डोळ्यांत गेला. मेंढा साधा नव्हता. शेपटीच्या जागची चरबीच एका माणसाच्या वजनाची. तो उधळला. दोर तुटला, कुरुतची, म्हणजे सुकवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, टोपली उलटली, पांढऱ्या गोळ्या चिखलात घरंगळल्या, आणि मालक माझ्या अंगावर ओरडला, "आरसे विकायला आलास का रे इथं?"

आसपासच्यांनी 'आरसे' तेवढंच ऐकलं.

"कितीला?" एकाने विचारलं.

"फुकट," मी म्हणालो. "संगीतशाळेचं पत्रक आहे."

'फुकट' हा शब्द बाजारात मेंढ्याहून जोरात धावतो. तासाभरात सहाशे संपली. लोक हात पुढे करून मागत होते. कलेची भूक अजून मेलेली नाही, असं मी स्वतःशी म्हणालो आणि आनंदाने बाजारातून एक फेरी मारायला निघालो.

ती फेरी मारायला नको होती. सळईवर मांस भाजणारा माझ्याने निखारे फुलवत होता. दोन्ही हातांत एकेक मी. घोडीचं आंबवलेलं दूध विकणाऱ्या कुमिसवालीने बादलीवर मला झाकण म्हणून ठेवलं होतं. एक ड्रायव्हर माझ्या कडेने बुटाचं शेण खरवडत होता. (परीक्षा नाकारून काही उपयोग झाला नाही.) एका आजीबाईंनी मला मांडीवर घेतलं होतं आणि बरोबर माझ्या छातीवर चीज कापत होत्या. "किती छान आहे," त्या शेजारणीला म्हणाल्या, "सुरीचा ओरखडासुद्धा उठत नाही." वाचत कुणीच नव्हतं. वाचता येतच नव्हतं. उन्हात त्यावर नुसता सूर्य दिसायचा.

एक माणूस मात्र मुलीचा हात धरून माझ्याकडे आला. उंच, ओठांवर जाड मिश्या, कोकरं विकायला आलेला. "अगाय, हिला घालायचंय," तो म्हणाला. "पेन द्या." मी पेन दिलं. त्याने पत्रक गुडघ्यावर ठेवलं आणि लिहायला सुरुवात केली. पेन घसरलं. त्याने टोक जिभेला लावलं. पुन्हा घसरलं. हातात धरून गरम केलं, झटकलं, दाबलं. मग त्याने वर बघितलं आणि अगदी आदबीने विचारलं, "यावर लिहायचं कशानं, अगाय?"

तेव्हा मला मागची बाजू आठवली.

घरी येऊन मी कोट न काढताच बसलो. हजार अर्ज छापले होते, आणि जगातल्या कुठल्याही पेनाने ते भरता येत नव्हते. नवीन छापायला वेळ नव्हता, शाळेकडे तेवढी तरतूदही नव्हती. गुलसूनने मला बोल लावला असता तर मी भांडलो असतो आणि बरं वाटलं असतं. तिने तसं केलं नाही. माझ्यासमोर सूप ठेवलं आणि म्हणाली, "उरलेली चारशे उद्या आपण दोघं वाटू. एवढी घासलीत लोकांनी." सोमवारी तीही माझ्याबरोबर बसथांब्यावर उभी राहिली. ज्याला पत्रक देई त्याला हसून सांगे, "कसंही भरा हो, पण आणून द्या."

सोमवारी कुणी आलं नाही. मंगळवारी नाही. बुधवारी एक बाई आली, पण ती आणखी दोन पत्रकं मागायला. चुलीमागच्या भिंतीला लावायची होती.

गुरुवारी सकाळी मी वर्गातले अकॉर्डियन कपाटात लावत होतो, शेवटचे लावतोय असं समजून. दारात एक तरुण आई उभी राहिली. तिच्या हातात पत्रक होतं. त्याच्या मागे लालभडक अक्षरांत सगळं भरलेलं.

"नेलपॉलिशनं लिहिलंय," ती ओशाळून म्हणाली. "दुसरं काही धरतच नव्हतं. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. "पण ताई, आलात कशा?"

"काय करणार? दोनदा फेकायला घेतलं, पण एवढं मजबूत, फेकवेना. पुसलं आणि जॅमच्या बरणीखाली ठेवलं. आता दिवसातून तीनदा जेवायला बसलं की तुमचं तोंड समोर. चौथ्या दिवशी मुलगी म्हणायला लागली, आई, हा माणूस पोटाशी काय धरून बसलाय? मग तिला वाचून दाखवलं. तेव्हापासून जीव खातेय माझा."

तिच्यामागून चांभार आला; त्याने मुलाचं नाव आरीने कोरून वर काजळी चोळली होती. एकाने पोत्यांवर नाव घालायच्या मार्करने भरलं होतं. एका आजोबांनी वेगळ्या कागदावर लिहून तो सगळीकडून चिकटपट्टीने लपेटला होता, इतका की अर्ज विटेएवढा जाड झाला होता. कुणाच्या पत्रकाला चहाचा वास होता, कुणाच्या धुराचा, कुणाच्या व्हिनेगरचा. झैनापने सोमवारी वाटून उरलेली आपल्या गाडीवर थाळ्यांखाली घातली होती, हे मला तेव्हा कळलं. सगळी पत्रकं वापरून वापरून पुसलेली, आणि सगळी नव्यासारखी. शुक्रवारी दुपारी तो मिश्यावाला मुलीला घेऊन आला. त्याने चाकूने कोरलं होतं. तो सतरावा अर्ज.

सतरा अर्ज मी बुरमा असानोव्नांच्या टेबलावर ठेवले तेव्हा खात्याचं दार बंद व्हायला अर्धा तास होता. त्यांनी चष्मा लावला. नेलपॉलिशकडे बघितलं, आरीकडे बघितलं, विटेकडे बघितलं.

"हे काय आहे, शायलोबेक?"

"अर्ज."

त्यांनी नियमांची वही काढली आणि ओळीवर बोट ठेवलं. मी समोरून उलटं वाचत होतो. 'अर्ज निळ्या अथवा काळ्या शाईत, हाताने, पुसला जाणार नाही असा भरलेला असावा.' त्यांचं बोट 'निळ्या' या शब्दावर येऊन थांबलं. बराच वेळ थांबलं. बाहेर पावलं वाजली, कुणीतरी छत्री झटकली. मग बोट हळूच पुढे सरकलं.

"पुसला जाणार नाही असा," त्यांनी मोठ्याने वाचलं. रुमालाला थोडा चहा लावून त्यांनी लाल अक्षरं चोळली. खोडरबर फिरवलं. नखाने खरवडलं. "ही तर आमच्या सगळ्या दप्तरापेक्षा पक्की आहेत," त्या म्हणाल्या, आणि पहिलं नाव नोंदवहीत लिहायला घेतलं.

त्या 'निळ्या' शब्दावर थांबल्या असत्या तर त्यांना कुणी काही म्हणू शकलं नसतं. मीसुद्धा नाही. हे त्यांना ठाऊक होतं आणि मला ठाऊक होतं. निघताना मी आभार मानायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "दार ओढून घ्या, वारा येतो."

आभार मानणं हे या गावात फार अवघड काम आहे. मेलिसकडे गेलो तर त्याने मला मखमली नमुन्यापासून लांब बसवलं आणि दुसराच विषय काढला. झैनापने दोन वाट्या अश्लानफू खायला लावलं. डोळ्यांतून पाणी आलं ते कशाचं, हे सांगायची गरज उरली नाही. झेकशेनआके तर रागावले. "आता रियाज वाढेल ना रे तुझा?" म्हणाले. "हे मी काय करून बसलो!" अँतोनिना पावलोव्नांना सांगायला गेलो तेव्हा त्यांनी सतरा ही संख्या दोनदा विचारली, मग स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मी जिन्यातून आवाज न करता उतरलो. पाइपवाल्या शेजारणीला गुलसूनने जर्दाळूचा जॅम दिला, आणि आता त्या दोघी मिळून तिसऱ्या एकीशी बोलत नाहीत.

सप्टेंबरच्या पहिल्या तासाला एकवीस मुलं आणि बारा अकॉर्डियन. दोघांत एक, एकाने पट्ट्या दाबायच्या, दुसऱ्याने भाता ओढायचा. जो आवाज निघाला त्याचं वर्णन करणं मला शिक्षक म्हणून शोभणार नाही. पलीकडच्या खोलीतल्या व्हायोलिनवाल्या बाई दारात येऊन बघून गेल्या, कुणाला लागलं तर नाही ना म्हणून.

पहिल्या रांगेत केसांना पांढऱ्या रिबिनी बांधलेली एक चिमुरडी होती. ती वाजवत नव्हती. माझ्याकडे टक लावून बघत होती.

"काय गं?" मी विचारलं.

"अगाय, आमच्या जॅमखाली आहेत ते तुम्हीच ना?"

"मीच."

तिने आणखी थोडा वेळ बघितलं, मान एका बाजूला करून, खात्री करून घेतल्यासारखं.

"तिथं तुम्ही हसत नाही," ती म्हणाली.

मी सर्वांत लहान अकॉर्डियन तिच्या खांद्यांना अडकवला, पट्टे आवळून दिले. त्याच्यामागे ती दिसेनाशीच झाली. वर फक्त कपाळ आणि दोन रिबिनी उरल्या.

"ओढ," मी म्हणालो.

तिने ओढला.